देवगिरीहून आल्यावर

छत्रपती संभाजीनगर

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

शहराचे नाव बदलल्याचा मला आनंद झाला का, असे तू मागच्या पत्रात विचारले होतेस. एका शब्दात उत्तर देता येईना, म्हणून उशीर झाला. संभाजी महाराजांना १६८९ साली औरंगजेबाच्या आज्ञेवरून कसे हालहाल करून मारले, हे आजीच्या तोंडून ऐकत वाढलेल्या माणसाला या नावाचे काहीच वाटू नये, हे शक्य नाही. माझी तक्रार नावाविषयी नाहीच; पक्षांनी त्याचा जो व्यवहार मांडला त्याविषयी आहे. १९८८ साली महापालिकेच्या निवडणुकीत यश मिळाल्यावर बाळासाहेब ठाकरे यांनी ‘संभाजीनगर’ जाहीर केले आणि त्यानंतर प्रत्येक निवडणुकीला ते नाव कामाला आले. अखेर २९ जून २०२२ रोजी, सरकार कोसळत असताना, मंत्रिमंडळाच्या शेवटच्या बैठकीत ठराव झाला. नव्या सरकारने पुढच्याच महिन्यात तो ‘छत्रपती’ हे पद जोडून पुन्हा केला. एकाच बाळाची दोन बारशी झाली, कारण पाळण्याची दोरी कोणाच्या हाती होती हे लोकांना दिसायला हवे होते.

या साऱ्या गदारोळात मलिक अंबराचे नाव मात्र कुणीच घेतले नाही. १६१० साली खडकी वसवून या शहराचा पाया घालणारा हा हबशी जन्मभर मोगलांशी झुंजला आणि १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्याच बाजूने लढले. मोगलांचा वैरी, पण मुसलमान. अशा माणसाला घोषणेत बसवायचे कसे? (त्याने नहर खणून गावात पाणी आणले होते. आम्ही आज आठवडा-आठवडा नळाची वाट पाहतो, ते असो.)

गेल्या रविवारी देवगिरीवर गेलो होतो. गडावरचे भारतमाता मंदिर तुला आठवत असेल. जुन्या देवळांचे खांब वापरून खिलजींच्या काळात तिथे मशीद उभी राहिली आणि निजामाच्या राज्यावर झालेल्या १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर त्याच वास्तूत भारतमातेची मूर्ती बसवण्यात आली. एका पक्षाचा वक्ता ही कथा देवळाच्या खांबांपाशी थांबवतो, दुसऱ्याचा मूर्तीपासून सुरू करतो आणि मधली सहाशे वर्षे दोघांनाही अडचणीची वाटतात. याच गडावर मुसलमानी अमलात किल्लेदारी करीत जनार्दनस्वामींनी एकनाथांना घडवले, असे परंपरा सांगते. स्वामींचे गुरू चांद बोधले यांना कादरी परंपरेतले सूफी मानतात. पैठणला नाथांच्या समाधीपुढे माथा टेकणारे पुढारी ही गुरुपरंपरा सभेत सांगताना मी अजून ऐकलेले नाहीत.

नाथषष्ठीला येशील तेव्हा एक दिवस जास्तीचा काढून ये. जनार्दनस्वामींच्या समाधीपर्यंत जाऊ. पायऱ्या पुष्कळ आहेत, तेव्हा गुडघा कसा आहे तेही कळव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
जुना सोबती