वहिनींच्या रक्ततपासणीविषयी

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

वहिनींचे हिमोग्लोबिन ९.२ वर आल्याचे तू कळवलेस, तेव्हापासून मनाला चैन नाही. गरोदर नसलेल्या स्त्रीच्या रक्तात ते डेसिलिटरमागे किमान १२ ग्रॅम असावे लागते. तेव्हा जिना चढताना त्यांना लागणारी धाप वयावर ढकलून चालणार नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षांच्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता.

घरात रोज पालेभाजी असताना हिमोग्लोबिनला लागणारे लोह कमी कसे पडले, असे तू विचारतोस. धान्ये, कडधान्ये व पालेभाज्या यांतील लोह मांस-मासळीतील लोहाच्या मानाने पुष्कळच कमी शोषले जाते; त्यातही धान्या-डाळींतील फायटेट नावाचे घटक त्याला अडवतात आणि जेवणावर लगेच घेतलेल्या चहातील टॅनिन आणखी थोडे बांधून ठेवते. मागच्या खेपेस मी पाहिले, की सर्वांची पाने उठल्यावर वहिनी पातेल्याच्या तळाशी राहिलेल्या भाजीबरोबर अर्धी भाकरी खातात आणि ओट्याशी उभ्यानेच चहा घेतात. रागावू नकोस, पण या दुखण्याचे एक मूळ मला तिथेच दिसते. त्यांनी सर्वांबरोबर पानावर बसावे आणि चहा तास-दीड तासाने घ्यावा, हे तूच मनावर घ्यायला हवेस.

क जीवनसत्त्वामुळे मात्र हेच लोह शोषण्याजोगे होते. म्हणून बाजरीच्या भाकरीबरोबरच्या मटकीच्या उसळीवर लिंबू पिळावे, तेही ती ताटात वाढल्यावर, कारण हे जीवनसत्त्व उष्णतेने नष्ट होते. मटकीला मोड आणल्याने फायटेटही घटतात. अळिवाचे लाडू आपण बाळंतिणीपुरतेच का राखून ठेवतो, हे मला आजवर उमगलेले नाही. लोखंडी कढई माळ्यावरून खाली काढ; तीत शिजवलेल्या आंबट आमटीत थोडे लोह उतरते. गुळावर मात्र भिस्त ठेवू नका.

अर्थात, इतक्या कमतरतेत नुसत्या आहाराने भागणार नाही. डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या शौचाला काळे होते म्हणून सोडू नयेत, आणि कॅल्शियमची गोळी त्याच वेळी घेऊ नये. पाळीत रक्तस्राव जास्त होत असेल, तर वहिनींनी संकोच न करता तो सांगावा. तुमचे घर शाकाहारी असल्याने बी-१२ जीवनसत्त्वाचीही तपासणी करून घ्या. रक्तपेशी घडण्यासाठी ते लागतेच, आणि शाकाहारात ते मुख्यतः दुधादह्यातूनच मिळते.

पुढचा रिपोर्ट हाती येताच कळव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
अविनाश