चाचणीचं गणित

फ्लोरिडा, नोव्हेंबर

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

पराटीची वेचणी चालू असेल, तरी माझ्या गोल्फच्या प्रमाणपत्राचं आणि त्याच्या चाचणीचं तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहितो. धाकट्यालाही वाचू द्या, त्याला पुढे हेच करायचं आहे.

टीव्हीवर बक्षिसासाठी खेळतात ती पीजीए टूर, म्हणजे व्यावसायिक गोल्फपटूंच्या स्पर्धांची मालिका. त्या खेळाडूंनी १९६८ साली वेगळी चूल मांडली. मी करतोय ते प्रमाणपत्र पीजीए ऑफ अमेरिकाचं. ही संस्था १९१६ सालची. यातली माणसं खेळ शिकवतात, कोर्सवरचं, म्हणजे गोल्फच्या मैदानावरचं, दुकान चालवतात, स्पर्धा भरवतात. म्हणजे पगाराचं काम आहे, बक्षिसाच्या भरवशावरचं नाही.

कोर्सवर नोकरी करतच शिकायचं. आधी प्रवेशाचा अभ्यास, मग तीन टप्पे. प्रत्येकात वाचन, कामाच्या जागी करून दाखवायच्या गोष्टी आणि परीक्षा. ते मेहनतीनं निघतं. माणसं अडकतात ती खेळाच्या चाचणीत.

तिचं नेहमीचं रूप म्हणजे एका दिवसात ३६ होल. सुरुवातीच्या जागेपासून झेंड्याजवळच्या खड्ड्यात चेंडू घालेपर्यंतचा टप्पा म्हणजे एक होल. मैदानाचं रेटिंग, म्हणजे चांगल्या खेळाडूला १८ होलांना लागणारे अंदाजे फटके, दुप्पट करायचं आणि त्यात १५ मिळवायचे. रेटिंग ७० असेल तर १५५ किंवा त्याहून कमी फटक्यांत संपवायचं. हाताशी १५ फटके, होल ३६. एखादा फटका वाया गेला तर चालतं, एक होल हातचा गेला की जड जातं. चेंडू हद्दीबाहेर गेला तर एक फटका दंड, आणि पुन्हा आधीच्याच जागेवरून मारायचं. टीवरून, म्हणजे होलच्या सुरुवातीच्या जागेवरून, असं झालं तर पुढचा फटका तिसरा धरतात. चार फटक्यांच्या होलवर आठ लागले की पंधरातले चार तिथेच गेले. म्हणून अरुंद होलवर ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारणारी स्टिक, पिशवीतच ठेवायचा, आखूड स्टिकनं चेंडू मधोमध टाकायचा. ग्रीनवर, म्हणजे खड्ड्याभोवतीच्या बारीक गवतावर, झेंडा कडेला, बंकरजवळ (वाळूच्या खड्ड्याजवळ) असेल तर त्याच्याकडे बघायचंच नाही, ग्रीनचा मध्य धरायचा. झाडीत गेलेला चेंडू फटीतून पुढे काढायचा मोह फार महागात पडतो. आडवा काढून मोकळ्यावर आणणं स्वस्त. दुपारच्या १८ होलांत पाय थकतात आणि फटका कमी पडतो, तेव्हा एक पायरी जास्त लांब मारणारी स्टिक घ्यावी, जोर वाढवू नये.

नियमांनीही माणसं घरी जातात. पिशवीत १४ पेक्षा जास्त स्टिक नकोत. हरवलेला चेंडू शोधायला ३ मिनिटं. हरवेल अशी शंका असेल तर पुढे शोधायला जाण्याआधी दुसरा मारून ठेवायचा, आणि तो ‘प्रोव्हिजनल’, म्हणजे तात्पुरता, आहे हे तोंडानं सांगायचं. नाही सांगितलं तर तोच खेळातला चेंडू ठरतो. फटक्यांचं कार्ड सोबतचा खेळाडू लिहितो, पण तपासून सही आपण करायची. एखाद्या होलला खरे फटके ६ असताना ५ लिहिलेल्या कार्डावर सही करून ते दिलं तर बाद. ६ च्या जागी ७ असेल तर ७ च कायम.

दुकानातलं एक काम धाकट्याला तिथेही शिकता येईल, ते म्हणजे ग्रिप, म्हणजे स्टिकच्या मुठीवरचं रबरी आवरण, बदलणं. जुनी ग्रिप आकडीसारख्या वाकड्या पात्यानं कापायची. साधी सुरी ग्रॅफाइटच्या दांड्यात रुतते आणि दांडा कमजोर होतो. खालची जुनी पट्टी पूर्ण खरवडायची, दोन्हीकडून चिकटणारी नवी पट्टी लावायची, वरचं टोक दांड्याच्या तोंडात दुमडायचं. ग्रिपच्या टोकाचं भोक बोटानं बंद करून आत सॉल्व्हंट (चिकट पट्टी ओली करून ग्रिप सरकवणारं द्रव) ओतायचं, हलवून तेच पट्टीवर सांडायचं आणि एका दमात ग्रिप चढवायची. सॉल्व्हंटची कंजुषी केली तर ती अर्ध्यावर अडकते, मग कापून फेकावीच लागते. लगेच ती स्टिकच्या तोंडाशी सरळ रेषेत आणायची आणि रात्रभर सुकू द्यायची.

भारतात शिकवायचं तर इंडियन गोल्फ युनियनच्या नॅशनल गोल्फ अकॅडमीचे प्रशिक्षक-कोर्स आहेत. धाकट्यानं आधी तिथली माहिती काढावी. इकडच्या खर्चाचं पुढे पाहू.

आईला नि काकाजींना नमस्कार. तुरीला फुलं धरली का ते कळवा.

तुमचा,
थोरला