सर, तुमच्या बुटात खडा नव्हताच

आदरणीय सर,

सप्रेम नमस्कार. जाहीर कौतुक तुम्हाला रुचत नाही, म्हणून तुमचं नाव लिहीत नाही. पण परवा रिपोर्ट हातात आला. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीएवनसी ८.४ वरून ६.३ वर आली होती. लॅबच्या पायरीवर मी बराच वेळ नुसता बसून राहिलो. घरी फोन लावायच्याही आधी तुमची आठवण झाली.

तुमच्याआधी मला भेटलेल्यांबद्दल आजही राग आहे, तो लपवत नाही. एका डॉक्टरांनी मान वर न करता "वजन उतरवा, भात बंद" एवढंच सांगितलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. मग एका जिममध्ये वर्षाचे पैसे एकरकमी भरले. तिथल्या मुलाने पहिल्याच दिवशी माझं पोट चिमटीत धरून शेजारच्याला दाखवलं. '२१ दिवसांत सवय' असं तिथे भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं. मी सतरा दिवस गेलो, तापाने पडलो आणि सगळं संपलं अशी मनाची समजूत करून बसलो. तिथून साधी चौकशी करणारा एक फोनही आला नाही.

तुम्ही मात्र मला काहीच बंद करायला लावलं नाहीत. "शीत (भात) सोडू नको, आधी भाजी आणि नुस्तें (मासे) खा, भात मागून आणि मोजून," म्हणालात. जेवल्यावर दहा मिनिटं चाल, कारण पाय चालतात तेव्हा स्नायू रक्तातली साखर स्वतःच ओढून घेतात, इन्सुलिनवर सगळा भार पडत नाही, हे इतक्या सोप्या शब्दांत मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. आणि सकाळचं काय? "पोदेराचा (दारोदार पाव विकणाऱ्याचा) हॉर्न वाजला की बूट घालायचे. विचार नंतर." बस्स. आमच्या वाड्यावर पोदेर पावणेसहाला येतो. आता त्याचा पों-पों ऐकला की पाय आपोआप बुटांकडे वळतात, बायको पोयी घ्यायला दार उघडते त्याच दारातून मी बाहेर पडतो.

चतुर्थीत मी अकरा दिवस तुमच्यासोबत चालायला आलो नाही. पाहुणे, आरत्या, नेवऱ्या, जागरणं. बाराव्या दिवशी मान खाली घालून आलो. तुम्ही कारण विचारलं नाहीत. चालता चालता सांगितलंत, की लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी २०१० मध्ये ९६ जणांच्या सवयींचा अभ्यास छापला. एखादी गोष्ट अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाचं काम १८ दिवसांत झालं, कुणाला २५४ लागतील असा हिशेब निघाला. आणि मधला एखादा दिवस हुकल्याने फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. "तुझे अकरा हुकले, पण आधीचे कुठे गेले नाहीत," एवढं म्हणून तुम्ही पुढे चालू लागलात. घरी जाताना नेहमीसारखंच, "फाल्यां यो," उद्या ये.

पण सर, मला लिहायचं होतं ते खड्याबद्दल.

पणजीच्या मळा भागातल्या मारुतीच्या देवळापासून आल्तिनोच्या टेकडीवर चढताना पहिल्या वळणाला माझा श्वास लागायचा. बोलायची लाज वाटायची. नेमके त्याच वेळी तुम्ही थांबायचात. "बुटात खडा गेला वाटतं." कठड्याला टेकून डावा बूट काढायचा, उलटा करून दोनदा आपटायचा, मोजा नीट करायचा, सावकाश बूट परत घालायचा. तोवर माझी धाप बसलेली असायची. दुसऱ्या वळणाला पुन्हा खडा. पावसाळ्याच्या तोंडावर सुरू झालेलं हे डिसेंबरपर्यंत चाललं.

डिसेंबरातल्या एका सकाळी आपण न थांबता वर पोचलो. वर गार वारा होता, खाली मांडवीवर धुकं. तिथे माझ्या लक्षात आलं, की आज खडा गेला नाही. आणि मग हेही, की इतक्या महिन्यांत त्या बुटातून काही पडलेलं मी एकदाही पाहिलं नव्हतं.

मी काही बोललो नाही. बोललो असतो तर रडू आलं असतं. माणसाला त्याचा कमीपणा न दाखवता सोबत करणं, हे किती थोड्यांना जमतं! ज्यांनी माझ्याकडून पैसे घेतले त्यांना जमलं नाही. तुम्ही तर माझे कुणीही नव्हता. असा चांगुलपणा आपल्या गावांत, वाड्यांवर अजून आहे, त्याच्यावर माझ्यासारखे कितीतरी उभे आहेत.

गेल्या आठवड्यात उतारावर तुम्ही कठडा धरून उतरलात, ते मी पाहिलं. विचारलं तर "काही नाही" म्हणालात. सर, गुडघा बरा होईपर्यंत आपण मिरामारला सपाटीवर चालू. पोदेराचा हॉर्न वाजला की मी निघेन आणि तुमच्या दाराशी येऊन उभा राहीन. सावकाश या.

तुमचा,
मळ्याच्या चढावरचा सोबती