कराडॉगच्या खोऱ्यातल्या गायकवृंदासाठी मदतीचं आवाहन

सप्रेम नमस्कार,

दक्षिण वेल्समधल्या अ‍ॅबरडेर गावी, व्हिक्टोरिया चौकात, हातात बॅटन, म्हणजे गायकवृंद चालवणाऱ्याची छडी, घेतलेला एक पुतळा आहे. आपल्या मंडळाच्या सभासदांपैकी अनेक जण त्याच्या समोरून रोज ये-जा करतात. तो पुतळा एका लोहाराचा आहे.

ग्रिफिथ र्‍हीस जोन्स 1834 साली जवळच्याच त्रेकनन इथे जन्मले आणि भात्यापुढे काम करत वाढले. विशीही पूर्ण झाली नव्हती तेव्हा त्यांनी उभा केलेला गायकवृंद 1853 मध्ये आइस्टेडव्हडला, म्हणजे वेल्सच्या पारंपरिक काव्य-संगीत स्पर्धेला उतरला आणि जिंकला. तेव्हापासून लोक त्यांना ‘कराडॉग’ म्हणू लागले. रोमन सैन्याशी लढलेल्या प्राचीन वीराचं हे नाव.

1872 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या स्पर्धेसाठी त्यांनी खाणींच्या खोऱ्यांतून साडेचारशेच्या आसपास गायक जमवले. खाणकामगार, लोखंडाच्या कारखान्यातली माणसं, त्यांच्या घरच्या बायका. करंडक होता हजार गिनींचा. त्या वर्षी समोर कुणी प्रतिस्पर्धी उभाच राहिला नाही, त्यामुळे खरा कस लागला तो 1873 मध्ये. त्या वेळी त्यांनी लंडनच्या नावाजलेल्या गायकवृंदाला हरवलं. वेल्सला ‘गाण्याचा देश’ म्हणतात, त्यामागे या विजयाचा वाटा मोठा आहे, असं आम्हाला मनापासून वाटतं.

हे शक्य झालं ते टॉनिक सोल-फा या स्वरलिपीमुळे. आपल्या सा-रे-ग-म सारखी अक्षरं, छापायला स्वस्त, त्यामुळे पाच रेषांची लिपी न शिकलेला माणूसही दिवसाच्या पाळीनंतर चॅपलमध्ये, म्हणजे छोट्या प्रार्थनाघरात, बसून चार आवाजांतला आपला भाग बसवू शके.

आता याच खोऱ्यातला एक मिश्र गायकवृंद अडचणीत आहे. इथली शेवटची मोठी खोल खाण, हिरवानची टॉवर कोलिअरी, 2008 मध्ये बंद झाली. तरुण मंडळी कामासाठी कार्डिफकडे गेली, चॅपलं एकेक करून विकली गेली. तालमीच्या सभागृहाचं भाडं आणि हिवाळ्यातल्या हीटिंगचं बिल पेन्शनवर जगणाऱ्या सभासदांच्या वर्गणीतून निघत नाही. पियानोवादकाचं मानधनही थकलं आहे.

या लोकांनी आपल्या मुलांना शाळेच्या गायकवृंदात मायेनं सामावून घेतलं, गणेशोत्सवात आपल्या मंचावर येऊन गायले. आता आपण पुढे व्हायला हवं.

आम्ही मंडळातर्फे निधी गोळा करत आहोत. पाच पौंडही चालतील. यूकेमध्ये कर भरत असाल तर गिफ्ट एडचा फॉर्म जरूर भरा, सरकार प्रत्येक पौंडामागे 25 पेन्स घालतं. पैशांइतकीच गरज आवाजांची आहे, विशेषतः टेनर, म्हणजे उंच पट्टीत गाणाऱ्या पुरुषांची. वेल्श येत नसेल तरी या, शब्द तालमीत शिकवतात. आणि ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांनी दोन वयस्क गायकांना तालमीला नेण्या-आणण्याची जबाबदारी घ्यावी, ही विनंती.

नावं आणि देणग्या मंडळाच्या खजिनदारांकडे किंवा पुढच्या मासिक सभेत द्याव्यात. पावती तिथेच मिळेल.

आपले,
मंडळाची कार्यकारिणी