सांगलीतल्या कॉम्प्युटर रिपेअरवाल्या दादांना, मनापासून थँक्यू

दादा, तुमचं नाव मुद्दाम लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही हे आईने बजावून सांगितलंय. पण वाचलंत तर लगेच कळेल कुणाबद्दल आहे ते. ती काळी हार्ड डिस्क, बाबांच्या भजनाची.

बाकीच्यांसाठी थोडं सांगते. बाबा भजनी मंडळात पेटी वाजवायचे. सप्ताहाची, काकड्याची, घरातल्या लग्नांची सगळी रेकॉर्डिंग त्यांनी हौसेने २ टीबीच्या पोर्टेबल डिस्कवर भरून ठेवली होती. ते गेल्यावर आईला ते बघायचं होतं. लॅपटॉप तिला जमत नाही, गुडघ्यांमुळे टेबलाशी फार वेळ बसवतही नाही, टीव्ही भिंतीला असा चिकटवलाय की मागे हात जात नाही, आणि रात्री झोप लागली नाही की तिला खोलीत मोबाइलवरही ऐकायचं असतं. राउटरच्या मागे यूएसबीचं पोर्ट आहे, डिस्क तिथे लावली की घरच्या वायफायवरून टीव्ही, मोबाइल सगळीकडे दिसते. एवढंच तर करायचं होतं. मी पुण्यात, आई तिकडे एकटी, म्हणून माणसं बोलावली.

पहिला आला तो इंटरनेट कंपनीकडून. त्याने डिस्क लावली, लाइट लुकलुकला, आतून टक टक आवाज आला आणि बंद पडली. "डिस्क गेली तुमची" म्हणून मोकळा, बूटसुद्धा न काढता निघून गेला. एका बाईच्या नवऱ्याचा आवाज त्या डिस्कमध्ये आहे आणि तुम्ही दारातून सांगता की गेली? दुसऱ्याने व्हिजिटचे पैसे आधी घेतले आणि म्हणाला, राउटरला ही चालत नाही, फॉर्मॅट मारून फॅट ३२ करतो, दहा मिनिटांचं काम आहे. आत काय आहे हे विचारलंसुद्धा नाही. फॉर्मॅट म्हणजे डिस्कवरचं सगळं पुसणं, हे आईला कुठून माहीत असणार, ती हो म्हणणारच होती, नेमका तेव्हाच माझा फोन गेला म्हणून वाचलं. आणि फॅट ३२ ही डिस्कवर फाइली ठेवायची जुनी पद्धत, तिच्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसतच नाही, बाबांच्या कार्यक्रमांच्या फाइली त्याच्या कितीतरी वर, म्हणजे ते करून उपयोगही शून्य होता. आजही हे आठवलं की हात थरथरतात माझे.

मग तुम्ही आलात. डिस्क हातात घेऊन तुम्ही आधी विचारलंत, "काकू, यात काय आहे?" आई बोलत सुटली, तुम्ही ऐकून घेतलंत. मग विचारलंत, दुसरी कॉपी आहे का कुठे? नाही म्हटल्यावर हातातली वायर खाली ठेवलीत. "मग आधी कॉपी, बाकीचं उद्या."

दुसऱ्या दिवशी दोन डिस्क घेऊन आलात. दोन्हींवर पांढरी पट्टी चिकटवलेली, निळ्या पेनाने लिहिलेलं, एकीवर "काकांचं भजन, मूळ" आणि दुसरीवर "काकांचं भजन, कॉपी". दादा, दुकानात रोज किती डिस्क येत असतील, बिल नंबर टाकला असतात तरी चाललं असतं. ज्यांना तुम्ही कधी पाहिलं नाही त्यांना तुम्ही काका केलंत. आई त्या पट्टीवरून बोट फिरवत बसली होती, मला व्हिडिओ कॉलवर दिसत होतं, आणि मला काही बोलताच येईना.

बाकी काम तुमच्यासाठी किरकोळच होतं. डिस्क ठणठणीत होती, जुन्या राउटरच्या यूएसबी २.० पोर्टमधून जेमतेम ५०० मिलीॲम्पियर वीज मिळते, तेवढ्यावर ती फिरायलाच सुरू होत नव्हती. स्वतःचा ॲडॅप्टर असलेला यूएसबी हब, म्हणजे डिस्कला वेगळी वीज देणारा जोड, मध्ये लावला आणि टकटक थांबली. टीव्हीवर डीएलएनएने, म्हणजे घरच्या नेटवर्कवरून टीव्हीला व्हिडिओ दाखवायच्या सोयीने, दिसायला लागली. माझा जुना लॅपटॉप आईकडे असतो, त्यावर मात्र दिसेना, कारण नेटवर्कवरून फाइली दाखवायची एसएमबी नावाची पद्धत असते, राउटरला त्यातलं फक्त जुनं एसएमबी १ येतं आणि विंडोजने ते २०१७ पासून बंद ठेवायला सुरुवात केली. मी म्हटलं सेटिंगमधून चालू करा ना, तर तुम्ही मला शांतपणे समजावलंत की त्याच वर्षी मे महिन्यात वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस त्याच वाटेने जगभर पसरला होता, काकू एकट्या राहतात, ते दार उघडं नको. डिस्क बाहेरच्या इंटरनेटवरून दिसण्याचा पर्यायही तुम्ही आठवणीने बंद केलात. हे कुणी सांगितलं नव्हतं तुम्हाला.

हुशार माणसं पैसे टाकले की मिळतात हो. समोरच्या म्हाताऱ्या बाईला काही कळत नाही हे दिसत असताना त्याचा फायदा न घेणारी माणसं कमी भेटतात, आणि अशा माणसांच्या दुकानाला बोर्डसुद्धा धड नसतो. ज्या घरातली मुलं बाहेरगावी आहेत त्या घराला अशा एका माणसाचा केवढा आधार असतो हे तुम्हाला कदाचित माहीतही नसेल.

कॉपीची डिस्क तुम्ही सांगितलंत तशी मी पुण्याला आणलीय, दोन्ही एका घरात नकोत म्हणून. आई रोज संध्याकाळी दिवा लावल्यावर स्वतः रिमोटने लावते, मला फोन करावा लागत नाही तिला. तुम्ही फक्त हबचे आणि नव्या डिस्कचे पैसे घेतलेत, दोन दिवसांच्या मेहनतीचे नाही. ते मी आईकडे पाकिटात देऊन ठेवलेत. यावेळी नाही म्हणू नका दादा, आणि आलात की जेवूनच जा, आईचा तसा निरोप आहे.