तलंग अंड्यावर यायच्या आधीच खोकं लावा

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पेपरात शेतीच्या पानावर परसातल्या कोंबड्यांबद्दल बरंच येतं, गिरिराज घ्यावी का वनराज, कावेरी कशी आहे, लस कधी टोचायची, खाद्य किती घालायचं, आणि ते सगळं लागतंच, पण तलंगांना, म्हणजे पहिल्यांदाच अंड्यावर येणाऱ्या तरण्या कोंबड्यांना, अंडी कुठं घालायची तेपण शिकवावं लागतं हे कुणीच लिहीत नाही. आमच्या मोहोळ तालुक्यात बायकांचं सगळ्यात जास्त नुकसान तिथंच होतंय म्हणून हे पत्र.

पावसाळ्याच्या तोंडाला आणलेली पिल्लं दिवाळीनंतर अंड्यावर यायला लागतात. सुधारित जातींना साधारण पाच ते सहा महिने, गावरान तलंगेला त्याहून जरा जास्तच. बाई वाट बघत बसते, अंडं काय दिसत नाही, आणि मग कधीतरी कडब्याची गंजी मोडताना किंवा पाचट उचलताना खाली सात-आठ अंड्यांचा ढीग सापडतो, काही मुंगसानं फोडलेली, काही नासलेली. काहीजणी तर ढीग सापडायच्या आधीच "ह्या अंडीच देईनात" म्हणून चांगल्या कोंबड्या आठवडी बाजारात विकून मोकळ्या होतात. कोंबडीचं यात काही चुकलेलं नसतं हो, तिला जागाच कुणी दाखवलेली नसते.

पहिलं अंडं यायच्या आधी तलंग काय करते ते नीट बघा. तुरा लालभडक होतो, पाठीवर हात ठेवला की ती पंख जरासे पसरून खाली दबते. मग अंड्याच्या दिवशी सकाळी मान उंच करून बारीक कुरकुरत फिरते, या कोपऱ्यात डोकं घालते, त्या पाटीमागं जाते, आत शिरून परत बाहेर येते, पायानं उकरते, चोचीनं काडी उचलून स्वतःच्या पाठीवर टाकते. ती जागा शोधत असते. तिला अंधार पाहिजे, तिन्हीकडून आडोसा पाहिजे आणि खाली मऊ पाहिजे, आणि एकदा एक जागा मनात बसली की बहुतेक तिथंच जाते, मग ती सवय मोडायला लई जीव जातो. म्हणून खोकं पहिलं अंडं दिसल्यावर लावून उपयोग नाही, दोन-तीन आठवडे आधीच लावून ठेवायचं, म्हणजे तलंगा रोज बघतात, आत-बाहेर करतात, भीती जाते.

खोकं महागाचं लागत नाही. आतून एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच एवढं पुरतं, चार-पाच कोंबड्यांमागं एक. मार्केटमधलं टोमॅटोचं प्लास्टिक क्रेट आडवं टाकून वरून आणि बाजूनं पोतं बांधलं तरी चालतं. तोंडाशी चार बोटं उंच फळी ठोकायची नाहीतर कुटार आणि अंडं दोन्ही बाहेर घरंगळतं. दारावर पोत्याचा पडदा, मधोमध चिरलेला. जमिनीपासून दीड-दोन फूट उंच, आणि पुढं बसायला एक काठी. आत कुटार किंवा भुसा वीतभर नको पण चांगली चार बोटं तरी पाहिजे, ओलं झालं की लगेच बदलायचं. आत एक खोटं अंडं ठेवायचं, लाकडाचं, प्लास्टरचं, नाहीतर नदीतला अंड्याएवढा गुळगुळीत पांढरा गोटा. जुन्या बायका डालग्यातली सगळी अंडी कधी उचलायच्या नाहीत, एक ठेवायच्याच, ते यासाठीच, इथं आधी कुणीतरी घातलंय म्हणजे जागा भरवशाची असं तलंगेला वाटतं.

एक गोष्ट बरेचजण विसरतात. कोंबडी रात्री सगळ्यात उंच जागेवर झोपते, त्यामुळं झोपायची काठी खोक्यापेक्षा वर पाहिजे. काठी खाली आणि खोकं वर असलं की त्या खोक्यातच झोपतात, रातभर घाण करतात आणि सकाळी तिथं कुणीच अंडं घालत नाही. सवय लागेपर्यंत संध्याकाळी खोक्याचं तोंड पोत्यानं झाकायचं आणि पहाटे उजाडायच्या आधी उघडायचं.

जास्त अंडी सकाळीच येतात, म्हणून सुरुवातीचे काही आठवडे कोंबड्या दहा-अकरापर्यंत खुराड्यातच कोंडा, पाणी आणि खाद्य आतच द्या, मग सोडा. एक अंडं तयार व्हायला चोवीस तासांपेक्षा जरा जास्तच लागतात, त्यामुळं अंड्याची वेळ रोज थोडी पुढं सरकते आणि एखादी दुपारी घालते, तिच्यावर नजर ठेवावी लागते. कोपऱ्यात बसायच्या बेतात दिसली तर हाकलू नका, ओरडू नका, दोन्ही हातांनी अलगद उचलून खोक्यात ठेवा आणि पडदा सोडा. आणि तो कोपरा विटा रचून बंद करून टाका. घरात एखादी जुनी अंड्यावरची कोंबडी असली तर तिला तलंगांमध्ये सोडा, तिचं बघून बाकीच्या लवकर शिकतात.

आपल्या सोलापूरच्या उन्हाचं वेगळंच आहे. एप्रिल-मे मध्ये पारा चाळीसच्या वर जातो आणि पत्र्याखालचं, पश्चिमेला तोंड असलेलं खोकं तापून तव्यासारखं होतं, मग कोंबडी ते सोडते आणि रांजणाजवळच्या ओल्या मातीत जाऊन बसते. खोकं कडुलिंबाच्या सावलीच्या बाजूला लावा, तोंड पूर्वेला, पत्र्यावर कडब्याच्या पेंढ्या टाका. पत्र्याचा तेलाचा डबा म्हणून मी कुणाला सांगत नाही, तो हिवाळ्यात ठीक दिसतो पण उन्हाळ्यात नाही चालत.

जमिनीवरच्या अंड्यांचं नुकसान फक्त हरवण्याचं नाही. ते शेणामातीनं भरतं, मग बायका बादलीतल्या गार पाण्यात धुतात, वरचा नैसर्गिक थर निघतो आणि जंतू कवचातून आत ओढले जातात. पायाखाली फुटलं तर कोंबड्या चोच मारून चव घेतात, आणि एकदा अंडं खायची सवय लागली की मग ती तोडणं फार अवघड. त्यात कवच पातळ असलं तर आणखीनच फुटतात, म्हणून अंडी सुरू झाल्यावर शिंपल्याचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा, पण पिल्लांना आणि लहान तलंगांना तेवढा कॅल्शियम देऊ नका, त्यांच्या मूत्रपिंडाला त्रास होतो. सुरुवातीची अंडी बारकी असतात, एखादं बिनकवचाचं मऊ निघतं, त्याला घाबरू नका.

माझ्या विनंत्या दोन आहेत. पिल्लं वाटणाऱ्या योजनांमध्ये पिल्लं, भांडी, थोडं खाद्य मिळतं, त्यातच दोन खोकी द्या किंवा निदान माप तरी सांगा, हे ज्यांच्या हातात आहे त्यांच्यापर्यंत पोचवा. आणि तुम्ही दिवाळीच्या आधी शेतीच्या पानावर खोक्याचं साधं चित्र मापासकट मोठं छापा, भिंतीला चिकटवता येईल एवढं, आमच्या बचत गटात बऱ्याचजणींना लेख वाचणं जड जातं पण चित्र बघून त्या स्वतः फळ्या ठोकतात.

आपली,
एक वाचक, ता. मोहोळ, जि. सोलापूर