गॅप भरणार म्हणजे काय भरणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘मणक्यातला गॅप विनाऑपरेशन भरून काढू’ ही जाहिरात आपल्या अंकात पंधरा दिवसांत तिसऱ्यांदा वाचली, म्हणून लिहितेय. मी केजला फिजिओथेरपिस्ट आहे. इथं कंबर धरलेलं माणूस दारातूनच सांगतं, ‘मॅडम, गॅप पडलाय.’ गंमत अशी, की एक्स-रेवर बहुतेकांच्या दोन मणक्यांमधली जागा कमी झालेली असते. म्हणजे गॅप असलाच तर तो घटलाय. भरणार काय?

तशीच ती ‘सरकलेली गादी’, म्हणजे दोन मणक्यांमधली चकती. पहिल्या वर्षाला देहदान केलेल्या एका आजोबांच्या पाठीवर आम्ही शिकलो. सर म्हणाले, चकती काढून दाखवा. चिमट्यानं हलेना, शेवटी कापावी लागली. कडेनं १५ ते २५ पापुद्रे, एकाआड एक तिरके विणलेले, वरच्या-खालच्या हाडांत घट्ट रुतलेले. साबणाच्या वडीसारखी ती निसटत नाही. फुगते. कधी चिरून आतला गर बाहेर येतो, नस दाबतो. पण असा गर कित्येकदा काही महिन्यांत शरीरच शोषून घेतं.

मे महिन्यात एक ऊसतोड बाई आली, वय ३८. हंगाम अर्ध्यात सोडून परतलेली; नवरा मागं अर्धा कोयता म्हणून (नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता) राबला, उचल, म्हणजे हंगामाआधी घेतलेले आगाऊ पैसे, तशीच अंगावर. एमआरआयची फाईल कापडी पिशवीत, चुरगळू नये म्हणून आत पुठ्ठा. तिला कुणीतरी सांगितलं होतं, वाकलीस तर पाय जातील. पाच महिने पट्टा बांधून बसली होती, लुगडंसुद्धा सासू पिळायची. मी तपासलं. पायात जोर होता, अंगठा दाबून धरला तरी वर येत होता, लघवीवर ताबा होता. रिपोर्टात दोन चकत्या फुगलेल्या. २०१५ साली निघालेल्या एका आढाव्यात कंबर न दुखणाऱ्या ३,११० माणसांचे स्कॅन एकत्र पाहिले, तर चाळिशीला निम्म्यांच्या आणि पन्नाशीला ६० टक्के लोकांच्या चकत्या फुगलेल्याच निघाल्या. हे तिला सांगितलं, तर म्हणाली, ‘मग मला हे आधी का न्हाई कुणी बोललं?’

तिची खरी अडचण पट्ट्याखाली होती. मणक्याला चिकटून मल्टिफिडस नावाचा लहानसा स्नायू असतो. कंबर धरली की तो दुखऱ्या बाजूला लगेच बारीक होतो. ब्रिस्बेनच्या ज्युली हाइड्स आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये, आयुष्यात पहिल्यांदाच कंबर धरलेल्या ३९ जणांचा हा स्नायू सोनोग्राफीवर मोजला. दुखणं महिन्याभरात गेलं, पण व्यायाम न केलेल्यांचा स्नायू दहा आठवड्यांनीही भरून आला नव्हता. अभ्यास लहान आहे, आणि अमुक एकच व्यायाम हवा असंही पुढच्या संशोधनातून निघालं नाही. पण पडून राहून तो परत येत नाही, एवढं मी त्यातून घेते.

मग तिला उचलायला लावलं: आधी रिकामी घागर, नंतर अर्धी, नंतर भरलेली. पट्टा तिसऱ्या आठवड्यात सुटला. दुखणं पुरतं गेलं असं म्हणणार नाही. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॅक्टरवर चढणं हे कुठल्याच पाठीसाठी सोपं नाही, आणि त्याला माझ्याकडं औषध नाही. पण आता ती वाकते, आणि लुगडं स्वतः पिळते.

आमच्या लोकांनाही बोलते. शेक आणि करंटची दहा दिवसांची पावती फाडायची आणि माणसाला एकदाही काही उचलायला लावायचं नाही, हे गॅप भरण्याच्या जाहिरातीपेक्षा फार वेगळं नाही. (माझ्याकडंही शेकाचं मशीन आहे. लोक मागतात म्हणून लावते, खोटं कशाला बोलू.)

एमआरआय सेंटरवाल्यांनी रिपोर्टाखाली मराठीत एक ओळ छापावी: या वयात न दुखणाऱ्या किती माणसांत हेच दिसतं. आणि आपल्याला विनंती. दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या हलतील, त्याआधी त्या जाहिरातीशेजारी एक चौकट द्या. मांड्यांच्या मधली जागा बधिर झाली, लघवी-संडासवरचा ताबा गेला किंवा पाऊल लुळं पडू लागलं, तर पट्टा-मालिश सोडून त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जावं, एवढंच त्यात हवं. मजकूर मी लिहून देईन, पैसे नकोत.

आपली,
एक फिजिओथेरपिस्ट
केज, जि. बीड